गौण वाक्यात कोणाला ठेवायचं?

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड' नावाचा प्रश्न असायचा. एक वाक्य दिलेलं, कंसात एक शब्द, आणि तो शब्द वापरून अर्थ न बदलता वाक्य पुन्हा लिहायचं. आमच्या सरांचं ठरलेलं वाक्य होतं, 'ही इज पुअर बट ही इज ऑनेस्ट'. कंसात 'ऑल्दो'. उत्तर, 'ऑल्दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट'. जरी तो गरीब असला, तरी तो प्रामाणिक आहे. एक मार्क.

मराठी माध्यमाची शाळा, वर्गात साठेक पोरं. बहुतेकांच्या घरी कोरडवाहू शेती, नाहीतर दुसऱ्याच्या शेतावर मजुरी. त्या वाक्यातला 'तो' आमच्यापैकी कोणाचाही बाप असू शकला असता. पण वाक्याचा राग कोणालाच आला नाही. आमचं सगळं लक्ष 'बट' काढायला विसरू नये याकडे. कारण आम्ही सगळे हमखास 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' असं लिहायचो आणि मार्क घालवायचो. मराठीत 'जरी' आला की 'तरी' येतोच, 'जर' आला की 'तर', 'जेव्हा' आला की 'तेव्हा'. जोडीतला एकच चालतो हे इंग्रजीचं गणित आमच्या डोक्यात बसायला दोन वर्षं गेली.

वाक्य काय म्हणतंय हे कळायला त्याहून जास्त वर्षं गेली. 'गरीब असला तरी प्रामाणिक' म्हणणारा माणूस एक गोष्ट गृहीत धरतो, की गरीब माणूस सहसा प्रामाणिक नसतो. ती तो उघड बोलत नाही. बोलला तर कोणीतरी वाद घालेल. आता हीच दोन अर्धी उलटी करून बघा. 'जरी तो प्रामाणिक असला, तरी तो गरीब आहे.' माणूस तोच, माहिती तीच. पण आता त्याच्यावरचा संशय गेला आणि जगाविषयीची तक्रार आली. पेपरात हे उत्तर लिहिलं असतं तर चूक धरलं गेलं असतं, आणि ते बरोबरच होतं, कारण अर्थ बदलला. पण कोणता अर्थ बदलला, आणि कशामुळे, हे कोणी विचारलं नाही.

मला ते विचारावं लागलं तीन वर्षांपूर्वी, ऑफिसात, मी स्वतः लिहिलेल्या एका वाक्यामुळे.

*

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्या कामात काही मोठं बिघडलं की ते दुरुस्त झाल्यावर एक रिपोर्ट लिहितात. काय झालं, कधी झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. २०१२मध्ये एट्सी या कंपनीतल्या जॉन ऑल्सपॉ यांनी 'ब्लेमलेस' पोस्टमॉर्टेमवर एक लेख लिहिला आणि ती कल्पना आमच्या धंद्यात सगळीकडे पसरली. माणसाला शिक्षेची भीती असेल तर तो खरं काय झालं ते सांगणार नाही, आणि खरं कळलं नाही तर तीच चूक पुन्हा होईल, असा त्यामागचा साधा विचार. त्यामुळे रिपोर्टमध्ये कोणाचं नाव घ्यायचं नाही. नियम चांगला आहे, आजही मला पटतो.

त्या शुक्रवारी संध्याकाळी आमच्या टीममधल्या एका ज्युनियर मुलीने डेटाबेसवर एक स्क्रिप्ट चालवली. जुन्या, निकामी नोंदी काढून टाकायच्या होत्या. स्क्रिप्टमधल्या फिल्टरमध्ये एक अट राहिली होती, त्यामुळे चालू ऑर्डर्सच्या नोंदीही उडाल्या. बॅकअप होता, पण सगळं परत जागेवर यायला चार तास लागले. सोमवारी रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तिचा सिनियर होतो आणि टीममध्ये माझं इंग्रजी बरं समजलं जायचं.

रिपोर्टमधलं मुख्य वाक्य मी असं लिहिलं: 'ऑल्दो द चेंज हॅड बीन रिव्ह्यूड, लाइव्ह रेकॉर्ड्स वेअर डिलीटेड बिकॉज द स्क्रिप्ट वॉज रन विदाउट व्हेरिफाइंग द फिल्टर.' म्हणजे, बदल तपासून झालेला होता तरीही चालू नोंदी उडाल्या, कारण फिल्टरची खात्री न करता स्क्रिप्ट चालवली गेली.

नाव कोणाचंच नाही. एकही शब्द खोटा नाही. मॅनेजरने 'वेल रिटन' म्हणून शेरा दिला.

तिने रिपोर्ट वाचला आणि दुपारी माझ्या डेस्कपाशी आली. म्हणाली, "दादा, यात चुकीचं काही नाहीये. पण वाचल्यावर असं वाटतं की तिथे फक्त मीच होते."

मी तिला ब्लेमलेसचा नियम समजावून सांगितला. तिने मान हलवली. दोन महिन्यांनी तिचं काँट्रॅक्ट संपलं आणि पुढे वाढवलं गेलं नाही. ते त्या वाक्यामुळेच झालं असं मला सिद्ध करता येणार नाही. बजेटही कमी झालं होतं. पण यादी करायला बसलेल्या माणसाने तो रिपोर्ट वाचलेला होता, एवढं मला माहीत आहे.

*

आता ते वाक्य उलगडतो.

'ऑल्दो द चेंज हॅड बीन रिव्ह्यूड.' रिव्ह्यू मी केला होता. घरी जाताना बसमध्ये उभा राहून, मोबाइलवर, दोनेक मिनिटं. खाली 'एलजीटीएम' टाकलं. 'लुक्स गुड टू मी', आमच्याकडचा सही-शिक्का. म्हणजे रिव्ह्यू झाला होता हे खरं. पण 'ऑल्दो' काय करतो बघा. जे असताना अपघात व्हायला नको होता, ते तो मांडतो. 'हेल्मेट घातलं होतं तरी लागलं' म्हटल्यावर हेल्मेट चांगलं होतं हे ऐकणारा आपोआप धरून चालतो. माझा दोन मिनिटांचा रिव्ह्यू त्या एका शब्दाने हेल्मेट झाला. जो अपघाताच्या कारणांपैकी एक होता, तो अपघात टाळण्याच्या प्रयत्नांमध्ये जाऊन बसला.

आणि 'बिकॉज द स्क्रिप्ट वॉज रन'. चालवली गेली. कोणी चालवली ते लिहिलं नाही, पण लॉगमध्ये होतं आणि ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. नाव गाळल्याने ती सुटली नाही. उलट मी नाव घेतलं नाही म्हणून सभ्य ठरलो.

एक गोष्ट तर वाक्यात आलीच नाही. स्क्रिप्ट आजच चालव, सोमवारपर्यंत ठेवू नकोस, हे तिला मीच सांगितलं होतं. चॅटवर नव्हे, तोंडी.

माझ्यापुढचा प्रश्न असा आहे: ज्याचा प्रत्येक तुकडा खरा आहे, असं वाक्य अन्याय करू शकतं का?

*

जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेग यांनी १८९२मध्ये अर्थ आणि निर्देश यांवर एक निबंध लिहिला. आजच्या भाषा-तत्त्वज्ञानाचा बराचसा पाया त्यात आहे. त्याचा मोठा भाग गौण वाक्यांवर खर्च झालेला आहे हे कळल्यावर मला गंमत वाटली. 'ऑल्दो'च्या अर्थाचा जो जर्मन शब्द आहे, त्याबद्दल फ्रेग म्हणतात की तो वाक्याच्या खरेखोटेपणात काहीच भर घालत नाही, फक्त वाक्यावर वेगळा प्रकाश टाकतो. दोन्ही भाग खरे असले की वाक्य खरं, मग मध्ये 'आणि' असो की 'जरी-तरी'.

तर्काच्या हिशोबाने हे बरोबर आहे, आणि आमच्या दहावीच्या पेपरचा 'अर्थ न बदलता' हा शब्दप्रयोगही याच हिशोबाने होता. त्या हिशोबात माझा रिपोर्ट शंभर टक्के खरा. पण माणसं वाक्याचं खरेखोटेपण तपासून थांबत नाहीत. प्रकाश कुठे पडलाय त्यावरून ती पुढचं ठरवतात. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, हेसुद्धा.

फ्रेग यांनी त्याच निबंधात आणखी एक गोष्ट दाखवली. 'ज्याने ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं शोधलं, तो हलाखीत मेला' असं वाक्य घ्या. रोख केप्लरवर आहे. असं कोणीतरी होऊन गेलं, हे या वाक्यात सांगितलेलं नाही, ते धरून चाललेलं आहे. वाक्य नाकारायचं तर आपण म्हणू, 'नाही, तो हलाखीत मेला नाही.' म्हणजे नाकारतानाही 'असा कोणी होता' हे आपण मान्यच करून बसतो. वाद मुख्य वाक्याशी होतो आणि गौण वाक्य बाजूने निघून जातं.

निघून जातं म्हणजे किती सहज जातं, ते मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दिसतं. दीडशे विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची एक छोटी फिल्म दाखवली. नंतर अर्ध्यांना विचारलं, पांढरी गाडी गावाकडच्या रस्त्याने जात असताना तिचा वेग किती होता? उरलेल्या अर्ध्यांच्या प्रश्नात एक गौण वाक्य जास्त होतं: गावाकडच्या रस्त्याने जाताना ती कोठारासमोरून गेली, तेव्हा तिचा वेग किती होता? फिल्ममध्ये कोठार नव्हतंच. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, तुम्हाला कोठार दिसलं होतं का? पहिल्या गटातल्या २.७ टक्के लोकांनी हो म्हटलं. दुसऱ्या गटात १७.३ टक्के.

प्रश्न वेगाविषयी होता, म्हणून त्यांनी वेगाचा विचार केला. कोठार 'तेव्हा'च्या आडून आत आलं आणि काहींच्या आठवणीत राहायलाच लागलं. कोठार आहे का असं सरळ विचारलं असतं तर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं असतं. माझा रिपोर्ट वाचणाऱ्यांचं लक्षही 'नोंदी कशा उडाल्या' याकडे होतं. रिव्ह्यू नीट झाला होता का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो झालेलाच होता. 'ऑल्दो'ने सांगितलं होतं.

*

कोणी म्हणेल, हे इंग्रजीचे चाळे आहेत, आपल्या भाषेत माणूस सरळ बोलतो. मलाही काही दिवस असं वाटून बरं वाटलं. मग मी हीच गोष्ट मराठीत सांगून पाहिली. 'फिल्टर न तपासता स्क्रिप्ट चालवल्यामुळे नोंदी उडाल्या.' घ्या. एका 'चालवल्यामुळे'त कर्ता गायब, आणि त्यासाठी उभयान्वयी अव्ययसुद्धा लागलं नाही. स्वतःसाठी तर मराठीकडे फार मऊ गाद्या आहेत. 'माझ्याकडून बघायचं राहून गेलं.' जणू ते बघणं स्वतःच कुठेतरी राहिलं, मी आपला शेजारी उभा होतो.

एक फरक मात्र मला खरा वाटतो. मराठीत 'जरी' गाळता येतो, 'तरी' सहसा नाही. 'पाऊस होता, तरी आला.' 'पाऊस आला, तर जाणार नाही.' खूण मुख्य वाक्याच्या तोंडाशी उभी राहते आणि ऐकणाऱ्याला सांगते, थांब, आधी जे ऐकलंस त्याचा याच्याशी संबंध आहे, मागे बघ. इंग्रजी 'ऑल्दो' सुरुवातीलाच बोलून मोकळा होतो आणि मुख्य वाक्य स्वच्छ हातांनी येतं. शाळेत ज्या 'बट'साठी मार्क गेले, तो 'बट' म्हणजे आमच्या 'तरी'ची सवय होती. ती चूक होतीच, पण बिनडोक नव्हती.

एमपीएससीची तयारी केलेल्यांना आठवत असेल, गौणत्वसूचक अव्ययांमध्ये 'जर-तर' आणि 'जरी-तरी' एकाच खणात येतात, संकेतबोधक. 'कारण' वेगळ्या खणात. माझ्या कामात या खणांचा एक विचित्र अनुभव येतो. प्रोग्रामिंगच्या भाषांमधले बरेच महत्त्वाचे शब्द म्हणजे इंग्रजीची गौणत्वसूचक अव्ययंच आहेत. पायथनमध्ये 'इफ' आणि 'व्हाइल'. रुबीत त्यांच्या जोडीला 'अनलेस' आणि 'अंटिल'. पण मी आजवर ज्या भाषांमध्ये कोड लिहिला त्यांपैकी एकीतही 'बिकॉज' नाही, 'ऑल्दो' नाही. मशीनला अट पुरते. अट पूर्ण झाली तर हे कर, नाहीतर ते कर. का, हे तिला सांगावं लागत नाही, आणि 'असं असूनही' म्हणून वाईट वाटून घ्यायची सोय तिला नाही. कोडमध्ये 'का' लिहायचं असेल तर ते कॉमेंटमध्ये लिहावं लागतं. ती मशीन वाचतच नाही, पुढे तो कोड हातात घेणारा माणूस वाचतो.

म्हणजे 'कारण' आणि 'तरीही' हे शब्द आपण फक्त एकमेकांसाठी वापरतो. अट बरोबर की चूक हे मशीन लगेच दाखवून देतं. कारण बरोबर दिलं की सोयीचं दिलं, हे तपासणारं मशीन नाही.

*

मग गौण वाक्यं टाळावीत का? मी तेही करून पाहिलं. 'मी दोन मिनिटं रिव्ह्यू केला. तिने स्क्रिप्ट चालवली. नोंदी उडाल्या.' सगळी केवल वाक्यं, सगळे समान. वाचायला प्रामाणिक वाटतं. पण हा रिपोर्ट निरुपयोगी आहे. कशामुळे काय झालं हे यात कुठेच नाही, आणि ते नसेल तर पुढच्या वेळी काय बदलायचं हे कोणाला कळणार? 'कारण' न वापरणं हीसुद्धा एक पळवाट आहे. दोष देण्याची भीती वाटते म्हणून कारणच न देणारे लोक मी मीटिंगमध्ये रोज पाहतो.

मला उपयोगी पडलं ते टोयोटातलं एक जुनं उदाहरण. तिथल्या ताइइची ओनो यांनी १९७८च्या आपल्या पुस्तकात पाच वेळा 'का' विचारण्याची पद्धत सांगितली आहे. मशीन बंद पडलं. का? भार जास्त झाला आणि फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसं वंगण मिळालं नाही. का? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? गाळणी बसवलेली नव्हती, म्हणून धातूचा कीस आत गेला. पहिल्याच 'कारण'वर थांबलं तर फ्यूज बदलून काम चालू, आणि थोड्या दिवसांनी मशीन पुन्हा बंद.

प्रत्येक 'कारण'च्या पुढच्या वाक्याला आणखी एक 'कारण' जोडता येतं. व्याकरण कुठेच अडवत नाही. कुठे थांबायचं हे लिहिणारा ठरवतो. मी तिच्यापाशी थांबलो. आणखी एक 'का' विचारला असता तर साखळी माझ्या बसमधल्या मोबाइलपर्यंत आली असती. त्यानंतरचा 'का' मी तोंडी दिलेल्या घाईच्या हुकमापर्यंत. त्यानंतरचा कदाचित मॅनेजरपर्यंत, ज्याने ते काम त्याच आठवड्याच्या यादीत टाकलं होतं. साखळी जिथे मला शिवणार होती, त्याच्या एक कडी अलीकडे मी पूर्णविराम दिला. ठरवून दिला का? खरं सांगायचं तर लिहिताना मला तसं काही जाणवलंच नाही. वाक्य चांगलं जमलंय एवढंच वाटलं. याचीच मला जास्त भीती वाटते. खोटं बोलताना निदान आतून काहीतरी टोचतं. खऱ्या तुकड्यांची रचना करताना टोचत नाही.

म्हणून माझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर 'हो' असं आहे. पूर्ण खरं वाक्य अन्याय करू शकतं, आणि तो अन्याय बहुतेक वेळा गौण वाक्यात होतो. कारण तिथे ठेवलेल्या गोष्टीशी वाचणारा वाद घालत नाही. आणि म्हणूनच तिथे काय ठेवतोय, याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर जास्त येते. मुख्य वाक्य तपासायला सगळं जग आहे. गौण वाक्याच्या वेळी बहुतेकदा आपण एकटेच असतो.

*

त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या आहेत. रिपोर्ट असो, तक्रारीचा मेल असो, की घरी भांडणानंतर लिहिलेला लांब मेसेज असो, पाठवण्याआधी एकदा वाक्य उलटं करून बघतो. गौण भाग मुख्य, मुख्य भाग गौण. 'नोंदी उडाल्या तरी, किंवा उडाल्या म्हणूनच, हे सांगतो: मी रिव्ह्यू नीट केला नव्हता.' असं उलटं केल्यावर पोटात गोळा आला, तर पहिल्या रचनेत मी काहीतरी लपवत होतो. दुसरी सवय, 'कारण'ची साखळी एकदा तरी माझ्यावरून जाईपर्यंत सोडायची नाही. दर वेळी मी दोषी निघतो असं नाही. पण साखळी माझ्यावरून जाऊन पुढे गेली, हे तरी मला कळतं.

मागच्या वर्षी मी तिला मेसेज केला. त्या रिपोर्टमधलं वाक्य कसं असायला हवं होतं, ते लिहून पाठवलं. 'मी घाईत, नीट न बघता मंजुरी दिली आणि त्याच संध्याकाळी स्क्रिप्ट चालवायला सांगितली, म्हणून फिल्टरमधली चूक पकडली गेली नाही आणि नोंदी उडाल्या.' तिची चूक यातही आहे, फिल्टर तिनेच लिहिला होता. पण आता तिथे ती एकटी नाही.

तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "उशीर झाला दादा, तरी बरं वाटलं."

मी ते वाक्य बराच वेळ बघत होतो. तिने 'तरी' वापरला होता. उशीर मात्र पहिल्यांदा लिहिला होता, स्वतंत्र, 'जरी'च्या आडोशाशिवाय.